चेअरमनसाहेब, तो व्हॉल्व्ह कोणी बसवला?

प्रति,
मा. चेअरमनसाहेब,
सहकारी साखर कारखाना,
मु. पो. ओढ्याच्या वरच्या अंगाला



तुमच्या कारखान्याच्या मागच्या बाजूला, ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेच्या, कुंपणालगत, आठ इंची पाइप जमिनीतून वर येतो आणि ओढ्याच्या काठाशी संपतो. त्यावर व्हॉल्व्ह आहे. गाळप चालू असलं की रात्री तो उघडतो आणि उजाडायच्या आत बंद होतो. सकाळी खालच्या गावातल्या बाया ओढ्यावर जातात तेव्हा पाणी तांबूस काळं झालेलं असतं, कडेला फेस साचलेला असतो आणि वासानं तिथं उभं राहवत नाही. तक्रार आली की तुमच्या कार्यालयाचं उत्तर तयार असतं : गळती झाली, पंप बिघडला, वीज गेली होती.

साहेब, ती गळती नाही. आठ इंची पाइपला फ्लँज लागतो, फ्लँजला आठ बोल्ट लागतात. कोणीतरी टेप लावून माप घेतलं, पाइप खरेदी केला, चर खणला, वेल्डिंग केलं, चर बुजवला आणि कोणीतरी त्या बिलावर सही केली. अपघाताला खरेदीची पावती नसते. तुमच्या ओढ्याच्या मरणाला आहे.

कारखान्याचं नाव इथं लिहीत नाही. हे पत्र वाचून एकाहून अधिक चेअरमन आपापल्या कुंपणाकडे बघतील, आणि त्यांनी बघावंच.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये फॅब्रिकेशनचं काम करतो. इथं आता काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आयटी कंपन्या आल्या, तरी आतल्या रस्त्यांवरच्या शेडांमध्ये लेथ आणि वेल्डिंग अजून चालू आहे. साखर कारखान्यांना लागणाऱ्या टाक्या, पंपांच्या बेस फ्रेम, क्लॅरिफायरचे पूल, धुराड्याआधी बसणारे स्क्रबर अशा शेडांमधून जातात. तुमच्या ईटीपीचं पहिलं ड्रॉइंग आमच्या टेबलावर आलं होतं. ते नीट विचार करून काढलेलं होतं. तेल आणि ग्रीस अडवणारा सापळा होता, येणारं पाणी एकसारखं करणारी टाकी होती, पाण्यात हवा सोडणाऱ्या एरेशनच्या दोन टाक्या होत्या, गाळ खाली बसवणारे दोन क्लॅरिफायर होते, एक ब्लोअर बंद पडला तर दुसरा होता आणि शेवटी प्रक्रिया केलेलं पाणी पंधरा दिवस साठवणारा तलाव होता. काही आठवड्यांनी सुधारित ड्रॉइंग आलं. त्यात एरेशनची एक टाकी नव्हती, जादा ब्लोअर नव्हता आणि पंधरा दिवसांचा तलाव तीन दिवसांवर आला होता. मिल हाऊस, बॉयलर, टर्बाइन यांच्यातून मात्र एक बोल्टही कमी झालेला नव्हता.

ओढ्याकडे जाणारी ती बायपासची लाइन दोन्ही ड्रॉइंगांत नव्हती. ती तुम्ही साइटवर, तुमच्याच वेल्डरकडून घालून घेतली. आमचा क्लॅरिफायर बसवायला आम्ही आलो तेव्हा ती जमिनीत गेलेली होती आणि तिच्यावर मुरूम दाबून झाला होता. ईटीपी अजून पाण्यानं भरलाही नव्हता. सांडपाणी ओढ्यात कधी जाईल, किती वाजता जाईल, हे तुम्ही गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकायच्या आधी ठरवलेलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. साखर कारखान्याचं प्रदूषण गाळपाच्या हंगामात दिसतं, पण ते बांधकामाच्या वेळीच ठरतं. लेआउट टेबलावर पसरलेलं असताना, कोटेशन कापताना, ठेकेदाराला तोंडी हुकूम देताना ते ठरतं. म्हणून मी तुमच्या शिफ्ट केमिस्टला किंवा ईटीपीच्या हंगामी कामगाराला पत्र लिहीत नाही. लेआउटवर सही तुमची आहे.

जागेपासून सुरुवात करू. ओढा जवळ हवा म्हणून तुम्ही उताराची जमीन घेतली. बांधकाम सुरू झालं तेव्हा वरची सुपीक काळी माती वेगळी काढून ढीग करून ठेवायची असते, पुढं हरितपट्ट्यासाठी ती लागते. तुम्ही ती डोझरनं ओढ्याच्या दिशेनं ढकललीत. पहिल्याच पावसात ती पात्रात उतरली आणि खालच्या बंधाऱ्याची साठवण गाळानं कमी झाली. काँक्रीट मिक्सर धुतलेलं सिमेंटचं पाणी तिकडंच गेलं. मजुरांची वस्ती काठाला बसवलीत, शौचालयं बांधली नाहीत. पावसाच्या पाण्याची गटारं आणि सांडपाण्याची गटारं पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावी लागतात. तुम्ही एकच गटार खणलंत, दोन्हींचा खर्च वाचवलात. आता पावसाळ्यात यार्डात सांडलेली मळी, कुजलेलं पाचट, बगॅसचा भुसा, बॉयलरची राख, सगळं त्या एका गटारातून बाहेर पडतं. ते थांबवायचं तर अर्धा कारखाना पुन्हा खणावा लागेल. बांधताना ते काम काही दिवसांचं होतं.

हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. केंद्र सरकारची पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ची आहे. दिवसाला ५,००० टन किंवा त्याहून जास्त ऊस गाळणाऱ्या कारखान्याला त्याखाली पूर्वपरवानगी लागते, जनसुनावणी लागते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी तिथं अध्यक्ष असतो, प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवतं, अहवालाचा सारांश मराठीत गावात ठेवावा लागतो. तुमची सुनावणी झाली. तुमच्या सल्लागारानं पडद्यावर हिरवी चित्रं दाखवली. थेंबभर पाणी बाहेर जाणार नाही, असं लिहून दिलंत, पर्यावरण व्यवस्थापन आराखडा जोडलात, त्याला रक्कम दाखवलीत. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं होतं, ईटीपी बंद पडला तर पाणी कुठं जाणार? त्याला तुमच्या माणसांनी बसायला सांगितलं. त्या सगळ्या सुनावणीत कामाचा प्रश्न तेवढा एकच होता.

आता पाण्याचा हिशेब मांडतो, कारण तुमच्या वार्षिक अहवालात टनाचा, उताऱ्याचा, पोत्यांचा हिशेब असतो, पाण्याचा नसतो. उसात वजनाच्या सुमारे ७० टक्के पाणी असतं. दिवसाला ५,००० टन ऊस गव्हाणीत पडला की त्याच्यासोबत जवळपास ३५ लाख लिटर पाणी कारखान्यात येतं. काही बगॅससोबत जातं, पण मोठा भाग रस आटवताना वाफ होऊन बाहेर पडतो आणि ती वाफ थंड करून पुन्हा वापरता येते. नीट बांधलेल्या कारखान्याला हंगामात नदीकडून फार थोडं घ्यावं लागतं. केंद्राचे सुधारित मापदंड जानेवारी २०१६चे आहेत. त्यांनुसार गाळलेल्या टनामागे १०० लिटर प्रक्रिया केलेलं सांडपाणी आणि स्प्रे पाँड किंवा कूलिंग टॉवरचं १०० लिटर, याहून जास्त बाहेर सोडता येत नाही. म्हणजे तुमच्या ५,००० टनांच्या क्षमतेला दिवसाचे १० लाख लिटर. बाहेर जाण्याचं ठिकाण एकच असावं, आणि त्यावर चोवीस तास ऑनलाइन मोजणी असावी, असंही त्यात आहे. तुमच्याकडे दोन ठिकाणं आहेत. मीटर एकावर आहे. दुसऱ्यावर व्हॉल्व्ह आहे.

पाणी जमिनीवर सोडायचं तर त्याचा बीओडी लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आत हवा, ओढ्यानदीत सोडायचं तर ३०च्या आत. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाऊन संपवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू. तुमच्या गटारात साखर आहे, आणि साखर जिवाणूंना फार आवडते. ती ओढ्यात गेली की ते झपाट्यानं वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात. मासा विषानं मरायची गरजच उरत नाही, तो गुदमरून मरतो. प्राणवायू संपलेल्या पाण्यात मग दुसऱ्या जातीचे जिवाणू वाढतात आणि कुजक्या अंड्याचा वास सुटतो. त्या बाया नाकाला पदर लावतात तो याच वासाला.

ही घाण खाणारे जिवाणूच एरेशन टाकीत पाळायचे असतात. ते विकत आणून रात्रीत कामाला लावता येत नाहीत. विरजणासारखे लावावे लागतात, जोपासावे लागतात. शेणाचं पाणी घालून, युरिया-डीएपीचं खाद्य देऊन, हवा सोडत राहून ते वाढवावे लागतात. हंगाम संपला, टाकी बंद ठेवली की ते मरतात. म्हणूनच २०१६च्या मापदंडात लिहिलं आहे की ईटीपी गाळपाच्या किमान एक महिना आधी सुरू करा. तुमच्याकडे बॉयलरचं अग्निप्रदीपन मुहूर्त काढून होतं, मोळी टाकायला मंत्री येतात, मंडप पडतो, पेढे वाटले जातात. त्या दिवशी तुमच्या एरेशन टाकीत कोरडा गाळ आणि बाभळीचा पाला असतो. पहिला महिनाभर तुमचं सगळं सांडपाणी कच्चंच जातं, कारण ते खायला टाकीत कोणी जिवंतच नसतं.

आणि तुमची डिस्टिलरी. एक लिटर अल्कोहोल मळीपासून काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश मागं उरतो. दिवसाला ३० हजार लिटरची डिस्टिलरी आणि लिटरला दहाचा हिशेब धरला तरी रोज ३ लाख लिटर. त्याचा बीओडी लिटरमागे ४० ते ५० हजार मिलिग्रॅमपर्यंत असतो, शहराच्या मैलापाण्याच्या शंभरपटीहून जास्त. तो थेंबभरही बाहेर जायचा नसतो : आटवायचा, बॉयलरमध्ये जाळायचा किंवा प्रेसमडमध्ये जिरवून खत करायचं. तो साठवायच्या तुमच्या लगूनला अस्तर घालायचं होतं. ठेकेदारानं पातळ कागद अंथरला, तो पहिल्या उन्हाळ्यात फाटला, आणि आता शेजारच्या विहिरींचं पाणी चहाच्या रंगाचं झालं आहे. इथेनॉलच्या निमित्तानं विस्तार करणाऱ्या डिस्टिलऱ्यांना केंद्रानं २०२१ साली परवानगीची वाट सोपी केली, जनसुनावणीतून सूट दिली. देशाला इथेनॉल हवं आहे, हे मला मान्य आहे. पण जी क्षमता वाढवताना गावाला विचारायचंही राहत नाही, ती वाढवण्याआधी जुनं अस्तर शिवायची लाज तरी हवी होती.

तुमचं गाळप चालतं ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. म्हणजे पाऊस संपल्यावर, नदी दिवसेंदिवस बारीक होत जाते तेव्हा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना फळ्या घातलेल्या असतात, पाणी वाहत नाही, साठून राहतं. तुम्ही सोडलेलं वाहून जायला नदीत नदीच नसते. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला. पंचगंगेवर शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्यापाशी असे खच पुन्हा पुन्हा पडले आहेत. दर वेळी कारखाने शहरांकडे बोट दाखवतात, शहरं कारखान्यांकडे. शहरांचं मैलापाणी नदीत जातं, हे खरं आहे आणि महापालिकांनाही असंच पत्र जायला हवं. तुमच्या ओढ्यावर मात्र वरच्या अंगाला एकही शहर नाही. तिथं तुमच्याखेरीज कोणी नाही.

तुम्ही म्हणाल, ठाण्याच्या माणसानं आम्हाला नदी शिकवू नये. बरोबर, आमच्या जिल्ह्यानं नद्यांचं काय केलं ते जगजाहीर आहे. २०१४ साली उल्हासनगरात वालधुनीत टँकरनं रसायन ओतलं गेलं आणि शेकडो माणसं श्वास कोंडून दवाखान्यात गेली. २०२० साली डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता रसायनांनी गुलाबी झाला. या पापाची किंमत आम्ही रोज श्वासातून देतो, म्हणूनच मला तुमच्याशी बोलायचं आहे. पण एक फरक लक्षात घ्या. एमआयडीसीची स्थापना १९६२ साली झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली औद्योगिक वसाहत. तेव्हा राज्यात जलप्रदूषणाचा कायदा नव्हता. तो १९६९ साली आला. प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली स्थापन झालं. इथं शेड बांधणाऱ्यांना सांडपाण्याचं काय करायचं हे सांगणारं कार्यालयच नव्हतं. आज त्याच मंडळाचं ठाण्याचं कार्यालय मुलुंड चेकनाक्याजवळ, याच वसाहतीच्या तोंडाशी आहे. तुम्ही वीट लावलीत तेव्हा कायदा होता, मंडळ होतं, मापदंड होते, राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात बसत होतं, मांजरीला १९७५ पासून वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट होती आणि तिथं सांडपाण्यावर काम करणारी माणसं होती. आमच्या वडिलांच्या पिढीला माहीत नव्हतं असं म्हणता येतं. तुमच्याकडे ज्ञान फायलीत लावलेलं होतं आणि तुम्ही त्यावर पाइप घातलात.

पैसा नव्हता, हे तुमचं दुसरं उत्तर. ईटीपीवर खर्च केला तर शेतकऱ्याची एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, थकेल, असं तुम्ही सभेत म्हणालात आणि टाळ्याही मिळवल्यात. त्याच वर्षी प्रवेशद्वाराची दगडी कमान झाली, विश्रामगृहाला वातानुकूलन झालं, तुमच्या गाड्यांच्या ताफ्यात भर पडली. एरेशनची जी टाकी तुम्ही कापलीत ती या सगळ्याहून स्वस्त होती. कोटेशन मी स्वतः काढलं होतं. आणि शेतकऱ्याच्या नावानं बोलता, तर ओढ्याच्या खाली कोण राहतो ते बघा. ज्याच्या विहिरीत स्पेंटवॉश उतरला तो तुमचाच सभासद आहे. त्याच्या उसाला तेच पाणी मिळतं, जमीन खारवते, आणि तोच ऊस पुढच्या हंगामात तुमच्या गव्हाणीत येतो. बीड-नगरहून आलेल्या टोळ्या ओढ्याकाठी कोप्या घालतात. त्यांच्या लेकरांना प्यायलाही तेच पाणी. त्या बायकांनी तोडलेल्या उसाची साखर तुम्ही विकता आणि त्यांच्या हंड्यात गटार ओतता.

सहकाराचं नाव तुम्ही दर भाषणात घेता. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी कारखाना उभारला तो शेतकऱ्याला सावकार आणि व्यापाऱ्यापासून सोडवण्यासाठी. पहिलं गाळप १९५० साली झालं. सामान्य कुणब्यानं शेअरसाठी पैसे जमवले तेव्हा ती चळवळ उभी राहिली. त्या शेअरच्या पैशातून नदी मारण्याचा अधिकार तुम्हाला कोणत्याही पोटनियमानं दिलेला नाही.

मागणी साधी आहे. पुढच्या गाळपाआधी ती लाइन जमिनीतून उपटून काढा. नुसता व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावू नका, कुलपाला किल्ली असते. एरेशनची कापलेली टाकी बांधा आणि पंधरा दिवसांचा तलाव पंधरा दिवसांचाच करा. लगून रिकामं करून नवं अस्तर घाला आणि ते होईपर्यंत डिस्टिलरी बंद ठेवा. पावसाचं गटार वेगळं खणा. ईटीपी मोळीच्या महिनाभर आधी सुरू करा, आणि मोळी टाकायला येणाऱ्या पाहुण्यांना आधी एरेशन टाकीवर घेऊन जा. ज्या विहिरी खराब झाल्या त्या शेतकऱ्यांना भरपाई द्या. प्रदूषण करणाऱ्यानंच ती द्यायची, हे हरित लवादाच्या कायद्यात २०१० पासून लिहिलेलं आहे.

आणि शेवटचं तुम्हाला नाही, माझ्या शेजाऱ्यांना सांगायचं आहे. वागळे इस्टेटमध्ये, किसननगरात, सातारा-सांगली-कोल्हापूरकडून आलेली घरं आहेत. त्यांतल्या कित्येकांच्या वडिलांच्या, आजोबांच्या नावावर गावच्या कारखान्याचा शेअर आहे. साखर न्यायला आपण दिवाळीला जातो, सभेला जात नाही. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पर्यावरण विवरणपत्रही दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत द्यावं लागतं. किती पाणी वापरलं, किती सांडपाणी सोडलं, त्यात काय होतं, हे त्यात लिहावं लागतं. या वर्षी सभेला जा. ते विवरणपत्र सभेत वाचून दाखवा, अशी लेखी मागणी आधी द्या. ईटीपी कोणत्या तारखेला सुरू झाला, बाहेर जाणारे पाइप किती आणि मीटर किती, हे उभं राहून विचारा. तुम्हाला कोणी बसायला सांगितलं तर बसू नका.

आपला,
वागळे इस्टेटमधला एक फॅब्रिकेटर